ताईंनी मशीनला शिकवलेला निळा

पाव फुगला नाही की मला बोलावतात. माझा धंदाच तो. चाकणला आमच्या कारखान्यात यीस्ट तयार होतं. ओल्या साबणाच्या वडीसारखं दिसतं, बेकरीवाले त्याला नुसतं 'ईस्ट' म्हणतात. ते ज्या बेकऱ्यांत जातं तिथं काही बिनसलं की कंपनी मला धाडते. माझ्या कार्डावर या कामाचं भारदस्त इंग्रजी नाव छापलंय, पण बेकरीवाल्यांनी माझं बारसं केव्हाच केलं आहे: पावडॉक्टर. मी जातो, मळलेल्या मैद्यात बोट खुपसतो, डोळे मिटून वास घेतो, एक भुवई वर चढवतो. भट्टीजवळची सगळी मंडळी श्वास रोखून बघत असतात. हे निम्मं नाटक असतं, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत मिशा लावून कमावलेलं. उरलेलं निम्मं ताईंनी शिकवलेलं.

कंपनीत ताया पुष्कळ. पण नुसतं 'ताई' म्हटलं की त्या एकच, आमच्या लॅबच्या प्रमुख. वडील पिंपरीत औषधांच्या कारखान्यात कामगार. बुरशी वाढवून तिच्यापासून औषध काढायच्या खात्यात. शाळकरी वयात डबा पोचवायला गेल्यावर तिथल्या कुणीतरी त्यांना मायक्रोस्कोपात डोकावू दिलं होतं, आणि ताईंच्या शब्दांत सांगायचं तर 'त्या दिवसापासून डोळा बाहेर काढलाच नाही.' जुन्या पद्धतीने बघायच्या. एकाच नळीचा मायक्रोस्कोप, उजवा डोळा नळीत आणि डावा सताड उघडा. नवशिक्याला एक डोळा मिटावा लागतो. ताई दोन्ही उघडे ठेवून पेशी मोजायच्या आणि उरलेल्या डोळ्याने आमच्यावर पहारा द्यायच्या. कुणी बाकावर चहाचा कप ठेवला की नळीतून मान न काढता आवाज यायचा, "उचल तो."

यीस्ट चांगलं की वाईट हे कसं कळतं? काचेवर एक थेंब यीस्टचा, एक थेंब निळ्या रंगाचा. जिवंत पेशी तो रंग आत टिकू देत नाही, ती बिनरंगी राहते. मेलेलीला आता काय करता येणार? ती निळीशार होते. बिनरंगी किती आणि निळ्या किती हे मोजलं की झालं. ऐकायला सोपं आहे, पण मधल्या असतात ना! मरायला टेकलेल्या. त्यांचा रंग कसा, तर कपडे खळबळून झाल्यावर बादलीत नीळ उरते तसा. आहे म्हटलं तर आहे. आज त्या जिवंतांत मोजल्या, की बेकरीत पोचेपर्यंत त्यांचा कारभार आटोपलेला असतो. शिवाय पेशीला कळी फुटलेली असली तर एक मोजायची की दोन? त्यावर ताईंचा निवाडा ठरलेला होता: "पिल्लू आईच्या निम्म्याहून मोठं झालं की त्याचं रेशनकार्ड वेगळं."

मी लॅबमध्ये उमेदवारी केली ती त्यांच्या हाताखाली. पुढं माझी जीभ माझ्या डोळ्यांपेक्षा तेज आहे असं वरच्यांच्या लक्षात आलं आणि मला बेकऱ्यांकडे पाठवण्यात आलं.

आमच्या लॅबची एक रीत होती. ताईंनी मोजलेलं कुणी परत मोजायचं नाही. कागदावर दुसऱ्याची सही लागायची, आणि ती व्हायचीही. पण त्यासाठी दुसऱ्याने नळीत डोळा घालणं म्हणजे ताईंनी वाढलेल्या ताटातलं मीठ त्यांच्यासमोर चाखून बघण्यासारखं होतं. ती हिंमत कुणी केली नाही. गरजही पडली नाही, असं आम्ही म्हणत असू.

मग सॉफ्टवेअर आलं.

मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना बोलावून भिंतीवर चित्रं दाखवली. नवा मायक्रोस्कोप, त्यावर कॅमेरा, फोटो थेट कॉम्प्युटरवर. तिथं सॉफ्टवेअर प्रत्येक पेशीभोवती आपणहून रेघ ओढणार, जिवंत असेल तर हिरवी, मेलेली असेल तर लाल, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजदाद हातात. सोबत हिंजवडीच्या एका लहानशा कंपनीचा इंजिनियर आला होता. केसांची शेंडी बांधलेला, उत्साहाने ओसंडणारा पोरगेला गृहस्थ. त्याने सांगितलं की सॉफ्टवेअरला गोल पेशी शोधता येतातच, पण तुमचं यीस्ट, तुमचा निळा रंग, तुमचा उजेड त्याला दाखवावा लागेल. तुमच्याच माणसांनी ढीगभर फोटोंवर माउसने रेघा ओढायच्या, हिरव्या आणि लाल. ते बघून ते शिकणार.

"आणि एक महत्त्वाचं," तो म्हणाला. "एकच फोटो तिघांनी वेगवेगळा रंगवायचा. एकमेकांना विचारायचं नाही. भांडण झालं पाहिजे, सर! भांडण झालं तरच मशीनला कळतं की इथं शंका आहे."

आता मला सांगा, आमच्या लॅबमध्ये ताईंशी कोण भांडणार?

मला वाटलं होतं, ताई हे सगळं प्रकरण गेटबाहेर काढतील. मी तर प्रवेश बघायला पहिल्या रांगेत जागा धरून बसलो होतो. घडलं उलटंच. ताईंनी सॉफ्टवेअरचं असं स्वागत केलं की जणू घरात सून आली. सकाळी पहिल्या बसने येऊन त्या कॉम्प्युटरपुढं बसायच्या. लॅबमधल्या दोघी मुली त्या रेघा ओढण्याला रांगोळी म्हणायच्या, आणि ताईंची रांगोळी जेवणाच्या सुट्टीतही चालू. पेशीच्या कडेकडेने माउस असा फिरायचा, जणू बाळाच्या डोळ्यात काजळ घालताहेत. दोघी मुली आपापले फोटो रंगवायच्या, पण पाठवण्याआधी, "ताई, जरा बघता का?" आणि ताई बघायच्या. जिथं मुलींनी लाल ओढलं असेल आणि ताईंना हिरवं वाटलं, तिथं हिरवं व्हायचं. तिघींच्या नावाने तीन वेगळ्या फायली गेल्या. इंजिनियरचा फोन आला, आनंद पोटात मावत नव्हता. म्हणाला, "एवढं एकमत मी कुठल्याच लॅबमध्ये पाहिलं नाही!" मॅनेजर साहेबांनी सामोसे मागवले.

मी ताईंना चिडवायचो. "स्वतःच्या हाताने स्वतःची बदली करून घेताय, ताई."

"नाटक्या, तुला पाव फुगवायला ठेवलंय, तोंड फुगवायला नाही. जा तिकडे."

"पण एवढी घाई कसली?"

"शिकवायचं तर हात चालतोय तोवर शिकवावं," त्या म्हणाल्या. हात म्हणाल्या. मी हसलो आणि सामोसा खाल्ला.

सॉफ्टवेअर सुरू झालं आणि खरंच झकास चाललं. इतकं, की मैदा मळून तो किती फुगतो हे बघायची जी वेळखाऊ चाचणी रोज व्हायची, ती साहेबांनी आठवड्यातून एकदाच ठेवली. मशीन सांगतंय ना, मग कशाला?

उन्हाळ्यात एका दुपारी कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर बंद पडला. दुरुस्त होईपर्यंत माल घामाघूम झाला. नंतर तपासला. मशीनने सगळीकडे हिरव्या रांगोळ्या काढल्या आणि माल गाडीत चढला.

पहिला फोन कासारवाडीहून. स्टेशनाजवळ एक जुनी बेकरी आहे. मालक मुसलमान, आजोबांपासून भट्टी तीच. माझे फार लाडके गिऱ्हाईक, कारण शिव्या फार मायेने देतात. मी गेलो तर त्यांनी लादीपावाचा एक अख्खा ट्रे माझ्यापुढं आदळला. आवाज झाला. पावाचा आवाज व्हायला नको, मंडळी.

"बोला डॉक्टर. हा पाव हाय का फरशी?"

मी भुवई चढवली.

"ती भुवई खाली घ्या आधी! शाळेपुढचा वडापाववाला माल परत करून गेला. म्हणला, भाईजान, वडा आत बसंना, वर ठिवून देऊ का? माझ्या बापाच्या हयातीत या भट्टीचा पाव कधी परत आला न्हाई. चहा घ्या."

चहा आला, नानकटाई आली, आणि दोन्ही संपेपर्यंत शिव्याही चालू राहिल्या. मी पाणी बघितलं, मीठ बघितलं, कारागिरांना खोदून विचारलं. मग कोमट साखरपाण्यात यीस्ट कालवून ठेवलं. चांगलं यीस्ट असलं की त्यावर बघता बघता फेसाची टोपी चढते. इथं चार बुडबुडे आले, इकडेतिकडे पाहिलं आणि निवर्तले. मालक माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात खिशातला फोन वाजला, भोसरीची बेकरी. तो ठेवला तर तळेगाव. मी वड्या पिशवीत घातल्या आणि चाकण गाठलं.

लॅबमध्ये ताई आणि त्या दोघी मुली होत्या. मी वडी पुढं केली. थेंब, निळा रंग, काच, कॅमेरा. सॉफ्टवेअरने क्षणभर विचार केला आणि सगळा पडदा हिरव्या गोलांनी भरून टाकला. अधूनमधून एखादं लाल. माल उत्तम.

"बघ," ताई म्हणाल्या. "बेकरीत पाणी गरम वापरलं असेल."

मी पडद्याजवळ वाकलो. हिरव्या रेघांच्या आत बघितलं. नंतर कोपऱ्यातल्या जुन्या मायक्रोस्कोपाखाली तीच काच ठेवून बघितली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, ह्या निळ्या आहेत."

"कुठल्या?"

"मधली जोडगोळी बघा. तिच्या खालची. आणि त्या कडेच्या जवळजवळ सगळ्या. फिकट आहेत, पण निळ्या आहेत."

ताईंनी उजवा डोळा नळीला लावला. मग काढला. मग, एवढ्या वर्षांत मी जे कधी पाहिलं नव्हतं ते केलं: डावा डोळा लावला. चाक पुढं फिरवलं, मागं फिरवलं. उजेड वाढवला. "तुझी काच घाण आहे," म्हणाल्या. दुसरी काच केली. पुन्हा बघितलं. बराच वेळ. मग एका मुलीला म्हणाल्या, "तू बघ गं."

मुलीने बघितलं. माझ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ताई म्हणतात तसंच आहे."

"ताई काय म्हणते ते विचारलं का मी?" ताई ओरडल्या. इतक्या जोरात की पलीकडच्या पॅकिंगमधला एक जण दारात येऊन उभा राहिला. "तुला काय दिसतं?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "निळ्या आहेत, ताई. रांगोळीच्या वेळीही काही फोटोंत दिसल्या होत्या. मी लाल केल्या होत्या. तुम्ही हिरव्या केल्यात. मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतं."

पॅकिंगवाला हळूच निघून गेला. ताईंनी मायक्रोस्कोपाचा दिवा बंद केला, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, सगळ्या बाजूंनी नीट खाली ओढलं आणि मला म्हणाल्या, "बाहेर चल."

माल चढवायच्या धक्क्याच्या मागं एक कठडा आहे, तिथं बसलो. समोरच्या रस्त्यावरून कांद्याचे ट्रक आणि कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकांना हॉर्न मारत चालल्या होत्या. ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि बोलायला लागल्या, अगदी बॅचचा अहवाल द्यावा तसं.

रक्तातली साखर जुनीच होती. आईला होती, आईची नजर तिनेच नेली. ताईंच्या उजव्या डोळ्यापुढं गेल्या दिवाळीच्या सुमारास जळमट आलं. पिंपरीच्या डॉक्टरने थेंब घालून तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सूज आहे, रक्त झिरपतंय, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, लगेच घ्या, थांबू नका.

"मग?"

"मग काय. थांबले."

"का पण, ताई?"

"इंजेक्शन म्हणजे सुट्टी. सुट्टी म्हणजे कारण. मायक्रोस्कोपवालीच्या डोळ्याला काय झालंय हे कळल्यावर कोण बसू देईल मला तिथं? आणि त्याच आठवड्यात तो शेंडीवाला आला. म्हटलं, हे बरं झालं. आपल्याला दिसतंय तोवर सगळं त्या मशीनला देऊन टाकू. पुढं डोळे गेले तर गेले. मी आपली खुर्चीत बसेन, ते मोजेल. कुणाला कळणार आहे? आधी रांगोळी पुरी करायची, इंजेक्शनांचं मग बघू."

मी कठड्यावरचा खडा उचलून रस्त्याकडे फेकला.

"जळमट माहीत होतं रे मला," त्या म्हणाल्या. "त्याच्या कडेने बघायची मी, सवय झाली होती. पण निळा चाललाय हे कळलंच नाही. तो काय दार वाजवून जातो का? मला वाटायचं, हल्ली माल चांगला येतोय."

एक मोठा ट्रक गेला. ताईंनी धुळीसाठी पदर तोंडाला लावला, मग काढला.

"मग मी त्या मशीनला दिलं काय?"

काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हणालो, "गोल फार सुरेख दिलेत, ताई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग आम्ही दोघं हसायला लागलो. कठड्यावर बसून, पोट धरून, बेशरमासारखं. हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते मला कळलं नाही, कारण चष्मा पुसण्याची त्यांची लकब दोन्हीकडे एकच होती.

त्या म्हणाल्या, उद्या मीटिंगमध्ये मी माझ्या तोंडाने सांगेन, तू मध्ये पडू नकोस. पण त्याआधी जुने काही फोटो तू स्वतः रंगव, माझं बघू नकोस, आणि इंजिनियरला पाठव. मी त्याच संध्याकाळी पाठवले.

दुसऱ्या दिवशी ताई इस्त्रीची साडी नेसून आल्या. मॅनेजर साहेब, मी, ताई, दोघी मुली आणि इंजिनियर. ताईंनी घसा खाकरला होता, एवढंच. इंजिनियर आधीच उठून भिंतीवर चित्र लावून मोकळा झाला होता. एका बाजूला माझ्या रेघा, दुसऱ्या बाजूला जुन्या.

"हे फार इंटरेस्टिंग आहे!" तो म्हणाला. चेहरा उजळलेला. "मॉडेलमध्ये काहीच चूक नाही, सर. जसं शिकवलं तसंच करतंय. गडद निळा बरोबर, आकार तर अप्रतिम. फक्त फिकट निळा आला की ते आंधळं होतं. का? कारण ज्याने मार्किंग केलं त्याला फिकट निळा दिसतच नाही! आणि तिन्ही फायली एकाच माणसाच्या आहेत, पैज लावतो. कोण आहे तो?"

मी रंगमंचावर बऱ्याचदा मेलो आहे. अशी शांतता एकाही प्रयोगात मिळाली नाही.

ताईंनी शाळेत वर करतात तसा हात वर केला. "मी," म्हणाल्या.

बिचारा इंजिनियर. त्याने आधी 'अच्छा' म्हटलं, मग अर्थ लागला, मग तो भिंतीवरचं चित्र बंद करायला धावला आणि घाईत ते आणखी मोठं झालं. ताईंच्या हिरव्या रेघेतली एक फिकट पेशी भिंतभर पसरली. सगळ्यांना दिसत होतं ती निळी आहे. ताई तिच्याकडे बघत होत्या, त्यांना काय दिसत होतं कुणास ठाऊक.

"ताई, तुम्ही आधी सांगायला हवं होतं," मॅनेजर साहेब म्हणाले.

"हो."

"म्हणजे आता सगळं परत? ऑडिट तोंडावर आलंय."

"हो," ताई पुन्हा म्हणाल्या.

माणूस वाईट नाही तो. त्याने माल परत मागवला, मैद्याची चाचणी रोज करायला लावली, ताईंना रजा दिली. आणि जाताना दारात, हळू आवाजात, नळीला हात लावायचा नाही असंही सांगितलं. मी शेजारीच होतो म्हणून ऐकलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी सोबत गेलो. थेंब घातलेल्या माणसांची रांग भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली असते, ताई म्हणाल्या, "बघ, तुझ्या नाटकाचे प्रेक्षक." रांगेतल्या दोघांनी डोळे न उघडता हसून दाद दिली. आत डॉक्टरीणबाईंनी चित्रं काढली. योगायोग म्हणा, त्यांच्याकडेही पडद्यावर डोळ्याचा फोटो आणि त्यावर सॉफ्टवेअरने ओढलेल्या रंगीत रेघा. ताई खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "ह्याला कुणी शिकवलं?" डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळला नाही. उजव्या डोळ्याच्या मध्यावर आता काही उरलेलं नाही, त्या म्हणाल्या. सुरुवातीलाच आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. डाव्यासाठी इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ समजा. निळ्याचं काही सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर ताई रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. मी हात धरायला गेलो तर झटकला.

"रांगोळी संपवायची म्हणून थांबले मी," त्या म्हणाल्या. "आणि रांगोळीही गेली." मग रिक्षावाल्याला चिखलीच्या घरापर्यंतचं भाडं एवढं कसं म्हणून असं काही फैलावर घेतलं की तो 'बसा आजी' म्हणाला, आणि मग त्यावरून दुसरं भांडण.

काही दिवसांनी मशीनला नव्याने शिकवायचं ठरलं. या वेळी इंजिनियरने पोलीस बसवल्यासारखी व्यवस्था केली: दोघी मुली वेगवेगळ्या खोल्यांत, बोलायचं नाही, बघायचं नाही. दोघींचं पहिल्याच दिवशी कडाक्याचं भांडण झालं आणि तो खूश झाला. जुन्या फोटोंचं काम माझ्याकडे आलं. इंजिनियर म्हणाला, जुन्या रेघा पुसू नका, असे बिनचूक आकार पुन्हा मिळायचे नाहीत. रेघ तशीच ठेवा, फक्त जिथं निवाडा चुकला तिथं हिरव्याची लाल करा.

मी ताईंना फोन केला. "जय भीम, बोल," म्हणाल्या. मी इकडचं तिकडचं बोललो. त्या म्हणाल्या, "मला कळलंय. लॅबमधल्या मुलीने सांगितलं. मी येते."

"तुम्ही कशाला, ताई?"

"नळीला हात लावायचा नाही म्हणालेत. खुर्चीला लावू नको असं कुणी म्हणालं नाही."

आल्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो आणि कॉम्प्युटरचा पडदा डाव्या डोळ्यासमोर येईल असं त्यांना बसवलं. मी माउस घेतला. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि रंग बदलायचं बटण कुठलं ते चाचपून विचारून घेतलं. लाल आणि हिरवा त्यांना अजून कळत होता. "तू दाखव," म्हणाल्या, "मी फिरवते."

मी पेशीवर बाण नेऊन म्हणायचो, "ही." बटण वाजायचं, रेघ लाल व्हायची. "ही." लाल. "ह्या दोन्ही." लाल, लाल. रेघा खरोखर फार देखण्या होत्या. कळ्या फुटलेल्या जागी मान कशी बारीक वळवलेली. एकमेकींना चिकटलेल्या घोळक्यात कुठली कुणाची कड, हे अजूनही सॉफ्टवेअरला जमत नाही, ते तिथं बरोबर सोडवलेलं होतं. आणि रेघेच्या आत तो बादलीत उरलेला निळा.

दुपार झाली. फोटो बदलत गेले. कॉम्प्रेसर बंद पडला त्या दिवसाचे फोटो इंजिनियरने मुद्दाम मशीनच्या रेघांसकट यात घातले होते, ते आले. पडदा हिरव्याने गच्च भरलेला. मी पहिली दाखवली, दुसरी दाखवली, मग माझं मन होईना. मी बाण इकडेतिकडे फिरवला आणि पुढचा फोटो घेतला. त्यातल्या दोन दाखवल्या, पुढचा घेतला.

"थांब," ताई म्हणाल्या. "हा कोल्ड रूमनंतरचा आहे ना?"

"हो."

"आणि एवढ्याच?"

"एवढ्याच, ताई."

"दया आली का माझी?"

"नाही हो."

"मग तुझे डोळे गेले असतील. चल, माझ्या डॉक्टरकडे नेते तुला, दोघांना एकदम बघतील." मग आवाज खाली आला. "कासारवाडीला त्या माणसाने तुझ्यासमोर ट्रे आदळला ना? परत आदळू दे त्याला? मागं जा."

मी मागं गेलो.

"पहिल्यापासून."

"ही," मी म्हणालो. बटण वाजलं. "ही. तिच्या वरची. ही. ही पण." ताई आता पडद्याकडे बघतच नव्हत्या, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, बोट बटणावर. एक पेशी आली, मी अडखळलो. मलाच ठरवता येईना.

"काय झालं?"

"शंका आहे."

"मग तसं लिही. शंका आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "पुढं."

बाहेर पहिल्या शिफ्टची बस इंजिन चालू करून उभी होती. मुलींपैकी एक पर्स खांद्याला लावून दारात आली. "ताई, बस निघतेय. चिखलीची एकच आहे आता."

ताईंनी मला विचारलं, "अजून आहेत?"

मी खाली बघितलं. पडद्यावरच्या पट्टीत लहान लहान हिरवे फोटो रांगेने दिसत होते.

"आहेत."

"जा गं तू," त्या मुलीला म्हणाल्या. "बस जाऊ दे."

मी पुढची दाखवली.